रेकॉर्डिंग झाले, ऐकणार कोण?

थॉमस एडिसनने १८७७मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याच्या भावी उपयोगांची यादी प्रसिद्ध केली. पत्र लिहिण्याऐवजी बोलून पाठवता येईल, अंधांसाठी बोलकी पुस्तके निघतील, वक्तृत्व शिकवता येईल, घरातल्या माणसांचे आवाज जपून ठेवता येतील, भाषांचे नेमके उच्चार टिकवता येतील, असे बरेच काही तिच्यात होते. शाळेचाही उल्लेख होता. शिक्षकाने समजावून सांगितलेले यंत्रात साठवावे, म्हणजे विद्यार्थ्याला हवे तेव्हा ते पुन्हा ऐकता येईल. पाठ करायचे धडेही यंत्रावर घालून ठेवावेत.

आज यातले जवळजवळ सगळे खरे झाले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि त्यांवर मोबाइल धरला की मुलांना कविता, गोष्टी ऐकू येऊ लागल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२०मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हते तिथली मुले ध्वनिवर्धकावरून लावलेले मुद्रित धडे ऐकत एकत्र बसत.

एडिसनच्या यादीत मात्र शाळेपुरती एक बाजू सुटली होती. बोलणार शिक्षक आणि ऐकणार विद्यार्थी, एवढेच त्याने धरले होते. शाळेत टेपरेकॉर्डर आल्यानंतरच्या काळात सर्वांत मोलाचे जे हाती लागले, ते याच्या उलट्या दिशेने आले. मुलाने स्वतःचा आवाज ऐकला, शिक्षकाने मुलांचा ऐकला, कधी शिक्षकाने स्वतःचाच ऐकला. आणि जिथे नुसते मुद्रण झाले, पण मुद्रित झालेले कोणी ऐकले नाही, तिथे महागडी यंत्रेही कुचकामी ठरली.

भाषा-प्रयोगशाळेचे काय चुकले?

ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाज ऐकता येई, पण वर्गात बसून नवा आवाज भरणे सोपे नव्हते. ती सोय चुंबकीय फितीने केली. १९३५मध्ये जर्मनीत ‘मॅग्नेटोफोन’ लोकांसमोर आला आणि १९६३मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. आता आवाज भरणे, ऐकणे, पुसणे आणि पुन्हा भरणे कोणालाही जमू लागले. शिकण्याच्या दृष्टीने यातले ‘पुसणे’ फार महत्त्वाचे आहे. चुकलेला प्रयत्न कोणाच्या दृष्टीस पडायच्या आत नाहीसा करता येतो, म्हणून मूल पुन्हा बोलून बघायला धजते.

१९५७मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत आपण मागे पडल्याची धास्ती पसरली. १९५८च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या अध्यापनासाठी मोठा निधी दिला. त्यातून शाळाशाळांत भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. लहान लहान कप्पे, प्रत्येकात हेडफोन आणि मायक्रोफोन. फितीच्या एका मार्गिकेवर शिक्षकाने बोललेला नमुना असे, दुसरीवर विद्यार्थी त्याची नक्कल भरत असे. ऐका, म्हणा, ताडून पाहा, पुन्हा म्हणा. भाषा म्हणजे सवय, आणि सवय सरावाने जडते, असा त्यामागचा विचार होता. पुढे आपल्याकडेही इंग्रजीच्या अध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशा प्रयोगशाळा आल्या.

१९६३मध्ये रेमंड कीटिंग यांनी न्यूयॉर्क परिसरात फ्रेंच शिकणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांची पाहणी केली. प्रयोगशाळा वापरणाऱ्यांची कामगिरी न वापरणाऱ्यांपेक्षा सरस असल्याचे तिच्यात दिसले नाही. या पाहणीवर टीकाही झाली, कारण सगळ्या प्रयोगशाळा सारख्या दर्जाच्या नव्हत्या. तरी पुढच्या काळात उत्साह ओसरला आणि बरेच कप्पे धूळ खात पडले.

यंत्र नीट चालत होते, मग अडले कुठे? नमुना आणि आपली नक्कल यांतला फरक मुलाच्या कानाला कळेल, हे गृहीतच कच्चे होते. जो ध्वनिभेद आपल्या भाषेत नाही तो कानाला सहसा ऐकूच येत नाही. दोन्ही आवाज सारखेच वाटतात. याचा अनुभव घ्यायला फ्रेंचपर्यंत जायची गरज नाही. ‘जग फार मोठे आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ या दोन वाक्यांतला ‘ज’ वेगळा आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ही वेगळा. देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे वाचून हा भेद उमगत नाही. घरी दुसरी भाषा बोलणारे मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याला हा फरक आधी कोणीतरी कानांना दाखवून द्यावा लागतो. दोन शब्द पाठोपाठ ऐकवायचे, ‘सारखे की वेगळे?’ विचारायचे, आणि मग मुलाचा उच्चार भरून घेऊन तोच प्रश्न त्याच्याच आवाजाबद्दल विचारायचा. प्रयोगशाळेत नेमका हा विचारणारा माणूस नव्हता. तीस कप्प्यांत तीस आवाज भरले जात होते आणि ते ऐकायला शिक्षकाला वेळ नव्हता.

‘हा माझा आवाज नाहीच!’

मुलाला स्वतःचा आवाज ऐकवायचा तर पहिल्या दिवशी एक अडथळा येतो. वर्गात हशा पिकतो आणि ज्याचा आवाज आहे तो कानांवर हात ठेवतो. मोठ्यांचेही तसेच होते. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज दोन वाटांनी आपल्यापर्यंत पोहोचतो. एक हवेतून, बाकीच्यांना ऐकू येतो तसा. दुसरा कवटीच्या हाडांतून थेट अंतःकर्णात. हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्जाकडचा भाग जास्त असतो, म्हणून स्वतःचा आवाज आपल्याला भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज असतो. तो पातळ, चढा आणि परका लागतो.

फिलिप होल्झमन आणि क्लाइड राउसी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६मध्ये या अस्वस्थतेचा अभ्यास मांडला. हा नुसता पट्टीचा प्रश्न नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. बोलताना आपल्या नकळत आवाजात उतरलेली भीती, घाई, आर्जव हे सगळे ऐकताना उघडे पडते आणि त्याने माणूस दचकतो. शिक्षकाने हाडांची गोष्ट मुलांना आधीच सांगितली, आणि सर्वांत आधी स्वतःचा आवाज भरून सगळ्यांसमोर ऐकवला, तर हसण्याची पाळी त्याच्यावर येते आणि मुलांचा संकोच लवकर जातो. विज्ञानाच्या तासाला ध्वनीच्या प्रकरणात हा प्रयोग फुकटात बसतो, हा वरचा लाभ.

वाचन: अडखळणाऱ्या मुलाचा सोबती

प्राथमिक वर्गात रेकॉर्डरचा सर्वांत रोख उपयोग प्रकट वाचनासाठी आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या कॅरल चॉम्स्की यांनी १९७६मध्ये एक छोटा, पण पुढे पुष्कळ चर्चिला गेलेला प्रयोग मांडला. तिसरीतली काही मुले अक्षरे ओळखत होती, शब्दही फोडू शकत होती, पण वाचन रखडत चाले. आणखी अक्षरओळख देऊन उपयोग नव्हता. चॉम्स्की यांनी त्यांना गोष्टींची पुस्तके आणि त्याच गोष्टींच्या टेप दिल्या. पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचे, हवे तिथे थांबायचे, मागे जायचे, आणि गोष्ट टेपबरोबर अस्खलित वाचता येईपर्यंत ऐकत राहायचे. पहिल्या पुस्तकाला काही आठवडे लागले. नंतरची पुस्तके लवकर होत गेली आणि मुले आपणहून वाचायला लागली. जवळपास त्याच काळात मरी कार्बो यांनी एक उपयोगी बाब दाखवली. बाजारातल्या ध्वनिमुद्रित गोष्टी अशा मुलांसाठी फार वेगाने वाचलेल्या असतात. शिक्षकाने स्वतः सावकाश, छोट्या छोट्या अर्थपूर्ण तुकड्यांत वाचून भरलेले मुलाला पेलते.

हे का जमते? अडखळत वाचणाऱ्या मुलाची सगळी शक्ती अक्षर जुळवण्यात खर्च होते. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ओळखीची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकल्याने वाक्याचा डौल आधी कानात बसतो. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, संवाद कोणाचा, हे कळलेले असते. मग जोडाक्षर आले तरी मूल अंदाजाने पुढे सरकते आणि नंतर तो अंदाज अक्षराशी पडताळते. शिवाय यंत्र कंटाळत नाही आणि ‘किती वेळा सांगायचं?’ असे म्हणत नाही. बाईंना आठव्यांदा विचारायला मूल कचरते. आठव्यांदा बटण दाबायला कचरत नाही.

दुसरी बाजू मुलाचे वाचन भरून घेण्याची. २०२१च्या ‘निपुण भारत’ अभियानाने दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. मूल समोर वाचत असताना घड्याळ पाहणे, चुका टिपणे आणि त्याच वेळी त्याला धीर देणे ही तारेवरची कसरत होते. एक मिनिटाचे वाचन मोबाइलवर भरून घेतले की शिक्षक वाचनापुरता फक्त मुलाकडे पाहू शकतो. हिशेब नंतर होतो. समजा, मिनिटात ७२ शब्द झाले आणि ७ चुकले, तर ६५ बरोबर. पण या आकड्याहून चुकांची जात जास्त बोलते. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ वाचणारे मूल बहुधा घरच्या बोलीत वाचत असते. त्याला अर्थ कळलेला असतो. ‘घोडा’च्या जागी ‘घडा’ वाचून तसेच पुढे जाणाऱ्याला अर्थाची चाहूलच लागलेली नसते. ‘घडा’ म्हणून थबकणारे, मागे येऊन ‘घोडा’ म्हणणारे मूल वाचायला शिकलेले आहे. त्याची ती दुरुस्ती म्हणजे प्रगतीची खूण. समोर ऐकताना या तिन्ही गोष्टी ‘अडखळतो’ या एका शेऱ्यात विरून जातात. दुसऱ्यांदा ऐकताना त्या वेगळ्या होतात.

जून, ऑक्टोबर आणि मार्चमधले तीन तुकडे जपून ठेवले तर पालकसभेत प्रगतिपुस्तकाच्या श्रेणीपेक्षा ते अधिक सांगतात. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही आपल्या मुलाचे वाचन सुधारले की नाही हे कानांनी कळते.

शिक्षक नसताना मुले काय बोलतात

आता वर्गातल्या चर्चेकडे वळू. इंग्लंडमधल्या डग्लस बार्न्स यांनी मुलांचे छोटे गट केले, त्यांना एखादी कविता किंवा विज्ञानातला प्रश्न दिला, टेपरेकॉर्डर चालू केला आणि शिक्षकाला बाजूला ठेवले. १९७६च्या ‘फ्रॉम कम्युनिकेशन टू करिक्युलम’ या पुस्तकात त्यांनी या संभाषणांचा उलगडा केला आहे. शिक्षकासमोर मुले घोटून तयार केलेले, पूर्ण वाक्यातले उत्तर देतात. आपापसांत मात्र अर्धवट वाक्ये, ‘म्हणजे कसं...’, ‘नाही, थांब’, एकमेकांचे वाक्य पुरे करणे, मधेच दिशा बदलणे असे चालते. वरवर ऐकले तर गोंधळ वाटावा असे हे बोलणे. पण कल्पना तिथेच घडत असते. बार्न्स यांनी याला शोधक बोलणे मानले आणि शाळा फक्त तयार उत्तरांनाच दाद देते, हा तिचा दोष दाखवला.

टेप नसती तर हे कळले नसते, कारण शिक्षक जवळ गेला की बोलण्याची तऱ्हाच बदलते. आजही गटकार्याच्या वेळी एखाद्या गटाच्या मध्यभागी मोबाइल ठेवून दहा मिनिटे भरून घेतली, तर वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी गटात सगळ्यांना समजावून सांगते आहे, किंवा गणिताचे उत्तर बरोबर येऊनही मुलांनी ते भलत्याच तर्काने काढले आहे, असल्या गोष्टी कानांवर येतात.

एका सेकंदाची गोष्ट

आणि आता स्वतः शिक्षक. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या शेकडो तासांच्या टेप तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारतो तेव्हा उत्तरासाठी किती वेळ थांबतो, हे त्यांना पाहायचे होते. मध्यंतर इतके लहान निघाले की आवाजाचा आलेख कागदी पट्टीवर काढून ते मोजावे लागले. सरासरी निघाली सुमारे एक सेकंद. तेवढ्यात कोणी बोलले नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत होता, दुसऱ्याला विचारत होता किंवा स्वतःच उत्तर देत होता. मुलाने उत्तर दिल्यानंतरही साधारण तेवढ्याच वेळात शिक्षकाची प्रतिक्रिया येई. मुलाला वाक्य वाढवायला सवडच नसे.

मग रो यांनी शिक्षकांना दोन्ही ठिकाणी तीन सेकंद थांबायला शिकवले. १९७४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार उत्तरांची लांबी कित्येक पटींनी वाढली. ‘माहीत नाही’ आणि मौन कमी झाले. मुले कारणे देऊ लागली, एकमेकांच्या म्हणण्याशी आपले म्हणणे ताडू लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली. मागे पडलेली समजली जाणारी मुलेही बोलू लागली, आणि त्यामुळे त्यांच्याबद्दलचा शिक्षकांचा अंदाज बदलला. टेपमधून आणखी एक बोचरी गोष्ट निघाली होती. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जवळजवळ दोन सेकंद थांबत, आणि ‘कच्च्या’ मुलांसाठी एका सेकंदाहूनही कमी. ज्यांना वेळ हवा त्यांनाच तो कमी मिळत होता. यामागे दुजाभाव नव्हता. शिक्षकांना आपण असे करतो हे ठाऊकच नव्हते.

बी.एड. केलेल्यांना फ्लँडर्स यांचे आंतरक्रिया विश्लेषण आठवत असेल. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे ते पाहून दहा प्रकारांपैकी एकात नोंद करायची. नेड फ्लँडर्स यांना आढळले की, वर्गाचा सुमारे दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्यातलाही दोन-तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो. परीक्षेपुरते पाठ केलेले हे तंत्र प्रत्यक्ष नोकरीत कोणी वापरत नाही, कारण शिकवता शिकवता नोंदी करणे अशक्य आहे आणि निरीक्षक बोलवावा तर वर्ग आणि शिक्षक दोघेही अवघडतात. टेबलावर ठेवलेला मोबाइल कोणाला अवघडायला लावत नाही. घरी जाऊन वीस मिनिटे ऐकायची आणि तीनच गोष्टी मोजायच्या: मी किती वेळ बोललो, प्रश्नानंतर किती थांबलो, आणि कोणाकोणाची नावे माझ्या तोंडी आली. केंद्रप्रमुखांच्या शेरेबुकातला शेरा वाचून माणूस बचावाचा पवित्रा घेतो. स्वतःच्या कानांनी ऐकलेल्यावर असा वाद घालता येत नाही.

छापील पुस्तक ज्यांना बंद आहे

एडिसनच्या यादीतले अंधांसाठीचे बोलके पुस्तक १९३०च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये तबकड्यांवर अवतरले. आपल्याकडे १९५२मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘नॅब’ने, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने, बोलत्या पुस्तकांचे काम केले, कित्येक स्वयंसेवकांनी त्यासाठी आवाज दिला. कॅसेटची मोठी अडचण अशी की, बाकीची मुले ‘पान ४२ उघडा’ म्हटल्यावर क्षणात उघडतात आणि अंध विद्यार्थी मात्र फीत पुढेमागे फिरवत बसतो. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘डेझी’ या अंकीय पद्धतीने हा प्रश्न सोडवला. १९९६मध्ये तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. या पद्धतीत प्रकरण, उपशीर्षक, पान यांवर थेट उडी मारता येते.

कायद्याची वाटही मोकळी झाली आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारताच्या स्वामित्वहक्क कायद्याने दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप करायला मुभा दिली. अशाच सुलभ पुस्तकांविषयीच्या २०१३च्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला, आणि २०१६मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. वाचन-अक्षमता असलेल्या, पण ऐकून उत्तम समजणाऱ्या मुलांनाही अशा पुस्तकांचा आधार होतो. इतिहासाचा धडा समजून घ्यायला त्यांचे वाचन सुधारेपर्यंत थांबायचे कारण नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. ऐकण्यातून शुद्धलेखन, विरामचिन्हे, परिच्छेदांची रचना कळत नाही. म्हणून अंध मुलाला ब्रेल आणि डोळस मुलाला अक्षर या दोन्हींची जागा आवाज घेऊ शकत नाही.

वर्गाबाहेरचे आवाज आत

अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागातल्या रेबन गॅप इथल्या शाळेत १९६६मध्ये ‘फॉक्सफायर’ हा उपक्रम सुरू झाला. मुले टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे गेली. लाकडी घर कसे बांधायचे, साबण कसा करायचा, कोणत्या रोगावर कोणती मुळी द्यायची, हे विचारून आली आणि ते लिहून काढून मासिकात छापू लागली. १९७२मध्ये त्या लेखांचे पुस्तक निघाले आणि ते देशभर वाचले गेले. त्यात मुलांचे खरे शिक्षण घडले ते टेप ऐकून लिहून काढताना. तासाभराचे बोलणे उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. तेवढा वेळ मूल एका माणसाच्या शब्दांपाशी, वाक्याच्या घडणीपाशी आणि थांबण्याच्या जागांपाशी बसते. भाषेचा याहून चांगला स्वाध्याय सापडणे कठीण.

महाराष्ट्रात याला लागणारा कच्चा माल अमाप आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर गेली आणि त्यांतल्या बऱ्याच मुद्रित आवाजांसह आज ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत. सातवी-आठवीतल्या मुलांना त्यातल्या एका बाईंचा आवाज ऐकवावा आणि मग आपल्या आजीकडे पाठवावे. कोरकू, पावरी, माडिया किंवा कातकरी बोलणारी मुले जिथे आहेत तिथे तर हे अधिकच मोलाचे. आजोबांनी घरच्या भाषेत सांगितलेली गोष्ट मोबाइलवर भरून आणायची, वर्गात ऐकायची आणि सगळ्यांनी मिळून मराठीत उतरवायची. त्या तासाला जाणकार ते मूल असते आणि विचारणारे गुरुजी.

थोडी कारागिरी, थोडे पथ्य

वेगळे उपकरण घ्यायची सहसा गरज नसते. साधा मोबाइल चालतो. पण तो टेबलावर ठेवून शेवटच्या बाकावरचे बोलणे मिळत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी ध्वनिऊर्जा चौथाईवर येते. पंखा, रस्ता आणि भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून फोन बोलणाऱ्यापासून वीतभर ते हातभर अंतरावर हवा, फोनच्या खालच्या कडेचा मायक्रोफोन झाकलेला नसावा, आणि खाली घडी घातलेला रुमाल असावा, म्हणजे बाकाची खडखड उतरत नाही. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी नाद सोडावा. फोन विमान-स्थितीत टाकला की मधेच कॉल येत नाही. बोलण्यासाठी सेकंदाला ६४ किलोबिट इतका दर्जा पुरतो. त्यात मिनिटाला अर्धा एमबीही लागत नाही. फाइलला लगेच तारीख, इयत्ता आणि धडा यांचे नाव द्यावे, नाहीतर महिन्याभरात कोणता आवाज कोणाचा ते कळेनासे होते.

पथ्य याहून महत्त्वाचे. आवाज ही ओळख आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पडताळता येईल अशी पालकांची संमती हे तत्त्व ठेवले आहे. कायद्याच्या पुढे जाऊन शाळेने साधे नियम करावेत. कशासाठी भरतो आहोत ते मुलांना आणि पालकांना आधी सांगावे. कोणाची ना असेल तर ती मानावी. अडखळणाऱ्या वाचनाची फीत वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर कदापि टाकू नये. काम झाले की पुसून टाकावे. शिक्षकाने स्वतःच्या तासाचे केलेले रेकॉर्डिंग हे त्याच्या स्वतःसाठी असावे. तेच वरिष्ठ मागू लागले, तर दुसऱ्या दिवसापासून वर्गात नाटक सुरू होईल आणि त्या रेकॉर्डिंगची किंमत शून्य होईल.

यंत्र ऐकू लागल्यावर

आता यंत्रेही ऐकू लागली आहेत. गूगलने २०१९मध्ये भारतात ‘बोलो’ नावाचे अ‍ॅप आणले, पुढे त्याचे ‘रीड अलाँग’ झाले आणि मराठीही त्यात आली. मूल वाचते आणि यंत्र चुकलेला शब्द जागच्या जागी दाखवते. शिक्षकाच्या बोलण्याचा वाटा, प्रश्नांची संख्या, थांबण्याचे क्षण मोजून देणारी साधनेही परदेशी शाळांत वापरात आहेत. रो यांना ज्यासाठी आलेखाच्या पट्ट्या लागल्या, ते काम मिनिटांत होऊ शकते. पण मुलांचा आवाज यंत्राला मोठ्यांच्या आवाजापेक्षा अवघड जातो, कारण त्यांचा स्वरमार्ग आखूड आणि उच्चार अजून घडत असलेले. त्यात बोलीची भर. ‘पानी’ वाचणाऱ्याला यंत्र चूक देईल. ते मूल अर्थ समजून वाचते आहे हे त्याला कळेलच असे नाही.

चुका मोजणे यंत्राकडे सोपवता येईल, त्या कशामुळे झाल्या हे ठरवणे नाही. मुद्रण करायला आज जवळजवळ काही खर्च येत नाही. खर्च येतो तो ऐकण्याच्या वेळेचा, आणि तो एडिसनच्या काळापासून रेसभर कमी झालेला नाही. एका मिनिटाचे वाचन ऐकायला एक मिनिटच लागते. चाळीसच्या पटाचे एकेक मिनिट म्हणजे चाळीस मिनिटे, आणि नोंदी धरल्या तर दुप्पट. हे रोज कोणालाही जमणार नाही. म्हणून आधी किती ऐकता येईल ते ठरवावे आणि तेवढेच भरावे. रोज पाच मुले घेतली तर आठ दिवसांत वर्ग पुरा होतो. आठवड्याला एक गट, महिन्याला स्वतःचा एक तास पुरे. मुख्याध्यापकांना खरोखर मदत करायची असेल तर त्यांनी नवी उपकरणे मागवण्याआधी वेळापत्रकात आठवड्यातून एक तासिका ऐकण्यासाठी मोकळी ठेवावी. उपकरण बहुतेक शिक्षकांच्या खिशात आधीच आहे.